रॅशफोर्डचा हिशेब अर्धाच मांडलात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफोर्ड याच्यावर मोठा लेख आला. मँचेस्टर युनायटेडनं त्याला आधी ॲस्टन व्हिलाला आणि मग बार्सिलोनाला उसना का दिला, तेव्हाचे प्रशिक्षक अमोरिम यांच्याशी त्याचं कुठं बिनसलं, सगळं लेखकानं नीट दिलंय. माझी तक्रार त्यातल्या एकाच वाक्याबद्दल आहे. ‘समाजसेवेच्या नादात त्याचं खेळावरचं लक्ष उडालं,’ असं लेखक जाता जाता म्हणून गेले. पुरावा काही दिला नाही. असं वाक्य एकदा छापून आलं की लोक तेच धरून बसतात, म्हणून लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका. माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आणि सासरही तिथलंच, त्यामुळं फुटबॉल कळण्यासाठी मला वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत. आमच्याकडं जेवताना सुद्धा ऑफसाइडवरून भांडणं होतात. नातू युनायटेडवाला आहे, त्याच्यासोबत रात्री-अपरात्री मॅच बघायची सवय मलाही लागली. आणि नोकरीतला मोठा काळ शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत गेला. तेव्हा रॅशफोर्डच्या दोन्ही बाजूंबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे, असं मी समजते.

आधी तारखा बघू.

२० ऑक्टोबर २०२० ला युनायटेड पॅरिसमध्ये पीएसजी या तिथल्या क्लबशी खेळलं. ८७व्या मिनिटाला रॅशफोर्डनं गोल केला आणि सामना २-१ असा जिंकला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश संसदेत गरीब मुलांना सुट्टीतही जेवण द्यावं या ठरावावर मतदान झालं. ज्या मोहिमेतून हा विषय संसदेपर्यंत गेला ती या पोराची. ठराव ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पडला. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस रॅशफोर्ड ट्विटरवर एकच काम करत होता. कुठल्या गावातलं कुठलं हॉटेल, कुठला कॅफे, कुठली नगरपालिका मुलांना फुकट जेवण द्यायला तयार आहे, ते एकेक करून लोकांपर्यंत पोचवत होता. मग २८ ऑक्टोबरला जर्मनीच्या लाइपझिगविरुद्ध सामना. हा बाकावर होता. दुसऱ्या हाफमध्ये तासाभराच्या खेळानंतर मैदानात उतरला आणि तीन गोल मारून बाहेर आला. युनायटेड ५-० नं जिंकलं. लक्ष उडालेला माणूस असा खेळतो?

त्या हंगामात त्यानं सगळ्या स्पर्धा मिळून २१ गोल केले. दोन वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, ३०. हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात चांगला हंगाम आणि तो मोहिमेनंतरचा आहे. कतारच्या विश्वचषकात इंग्लंडसाठी तीन गोल केले, तेही नंतरचेच. त्याचा खेळ खरा घसरला तो त्याच्याही पुढं, आणि त्याची कारणं खेळातलीच आहेत. दुखापती आहेत, बदलते प्रशिक्षक आहेत, अंगातला आळस पण असेल. बेलफास्टमध्ये रात्री नाइट क्लबात जाऊन मग सरावाला न गेल्याचं प्रकरण २०२४ च्या जानेवारीतलं. त्यात त्याचीच चूक होती आणि ती त्यानं मान्य केली. मी काही त्याला देव्हाऱ्यात बसवायला निघालेली नाही. मोकळ्या गोलसमोर चेंडू आकाशात मारून मान खाली घालून परत फिरणारा रॅशफोर्ड मी बघितलाय, आणि त्याच्या नावानं बोटंही मोडलीत. पण त्या घसरणीचं खापर पोरांच्या जेवणावर फोडायचं, हे चुकीचं.

आपल्या लेखकांचं वाक्य मुळात नवंही नाही. ११ जुलै २०२१ ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर हरलं. रॅशफोर्डला १२०व्या मिनिटाला केवळ पेनल्टी मारण्यासाठी आत पाठवलं होतं. खांद्याचं दुखणं तो कित्येक महिने अंगावर काढत होता, पुढं शस्त्रक्रिया करावी लागली. त्याचा फटका खांबावर आदळला. त्यावर ब्रिटनच्या एका खासदार बाईंनी व्हॉट्सॲप गटात लिहिलं, की राजकारण करण्यापेक्षा याने खेळ सुधारण्यात वेळ घालवला असता तर बरं झालं असतं. बातमी बाहेर फुटली आणि बाईंना माफी मागावी लागली. सामन्याच्याच रात्री मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात भिंतीवर काढलेलं त्याचं चित्र कुणीतरी विद्रूप केलं. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी त्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली, लहान पोरांनी वहीची पानं फाडून लिहून आणलं. बघता बघता सगळी घाण त्या कागदांखाली झाकली गेली.

आता मोहिमेबद्दल. आपल्या लेखात ‘गरिबांना अन्नदान’ एवढ्या दोन शब्दांत ती संपवलीय. अन्नदान म्हटलं की आपल्याकडं वाढदिवसाला वाटलेली बिस्किटं आणि त्याचा फोटो डोळ्यापुढं येतो. रॅशफोर्डनं केलं ते फार वेगळं होतं आणि माझ्यासारख्या नोंदवहीवाल्या बाईला त्यातला नेमकेपणा भावला.

त्याचा जन्म ३१ ऑक्टोबर १९९७ चा, वाढला मँचेस्टरच्या वायदनशॉ भागात. पाच भावंडं, हा धाकटा. आई एकटी, पूर्णवेळ राबायची, तरी महिनाअखेर हाती काही उरायचं नाही. शाळेतला सकाळचा नाश्ता, दुपारचं मोफत जेवण, शेजारच्यांची आणि प्रशिक्षकांची माया, यावर हा वाढला. पाचव्या वर्षी फ्लेचर मॉस रेंजर्स या गल्लीतल्या क्लबकडून खेळायला लागला, सातव्या वर्षी युनायटेडच्या अकादमीत गेला. ११ व्या वर्षी क्लबनं त्याला राहण्या-जेवणाच्या सोयीसह शिष्यवृत्तीवर घेतलं, नियमापेक्षा एक वर्ष आधी. अठराव्या वर्षी, २५ फेब्रुवारी २०१६ ला, पहिल्या संघात आला तो योगायोगानं. सामन्याआधी अंग मोकळं करताना संघातला मार्शियल जखमी झाला आणि याचं नाव यादीत चढलं. डेन्मार्कच्या मिजिलँड संघावर दोन गोल. तीन दिवसांनी आर्सेनलवर दोन. पुढच्या महिन्यात पहिल्याच मँचेस्टर डर्बीत, म्हणजे शहरातल्याच सिटी संघाशी झालेल्या लढतीत, सामन्यातला एकमेव गोल. मे महिन्यात इंग्लंडकडून पहिलाच सामना, त्यातही तिसऱ्या मिनिटाला गोल. आमच्या पेठेत अशा पोराला खांद्यावरून खाली उतरू दिलं नसतं.

२०२० च्या जानेवारीत त्याच्या पाठीचं हाड दुखावलं आणि तो बाहेर बसला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शाळा बंद म्हणजे मोफत जेवण बंद, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फेअरशेअर ही संस्था दुकानांतलं आणि कंपन्यांतलं शिल्लक अन्न गोळा करून पोचवते. तिच्याबरोबर त्यानं काम सुरू केलं आणि जूनपर्यंत पैसे आणि अन्न मिळून दोन कोटी पौंडांची मदत उभी राहिली. बहुतेक मोठे खेळाडू इथंच थांबले असते. इथपर्यंत केलं तरी सत्कार होतोच.

तो थांबला नाही, कारण उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी समोर होती आणि सरकारनं शाळेच्या जेवणाऐवजी मिळणारी कूपनं सुट्टीत देणार नाही असं ठरवलं होतं. १५ जूनला त्यानं सगळ्या खासदारांना उघडं पत्र लिहिलं. मी ते पत्र नातवाकडून समजून घेतलं. लहानपणी दर नाताळाला फुकट जेवण आणायला आपण नॉर्दर्न मूरला जायचो, हे त्यात लिहिलंय. दहा वर्षांपूर्वी त्या मुलांतला एक मीच असतो, अशा अर्थाचंही आहे. पत्रात रडगाणं नाही, आरोप नाहीत. सुट्टीत जेवणाची कूपनं चालू ठेवा, इतकीच मागणी. दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, सरकारनं निर्णय फिरवला. १२ कोटी पौंड मंजूर, सुमारे १३ लाख मुलं, दर मुलामागं आठवड्याला १५ पौंड, सहा आठवडे. बावीस वर्षांच्या पोरानं पंतप्रधानाला एका दिवसात मागं हटवलं!

त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यानं मोठी सुपरमार्केटं आणि अन्न कंपन्या यांना एकत्र बसवून गट बनवला आणि सरकारपुढं तीन मागण्या ठेवल्या. सरकारी साहाय्यावर असलेल्या घरातल्या प्रत्येक मुलाला शाळेत मोफत जेवण. सुट्टीतल्या जेवण-खेळाच्या योजनेचा विस्तार. गरोदर बाया आणि लहान मुलं यांना दूध-भाजीसाठी मिळणारं आठवड्याचं कूपन ३.१० पौंडांवरून ४.२५ पौंड. मागणीत पैशांपर्यंतचा आकडा असला की मंत्र्याला ‘सकारात्मक विचार करू’ म्हणून सुटता येत नाही, हे आम्ही शिक्षक संघटनेत उमेदवारी करताना शिकलो. याला ते बाविसाव्या वर्षी कळलं होतं. संसदेत ठराव पडल्यावरही दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या आणि नोव्हेंबरमध्ये सरकारनं पुन्हा माघार घेतली. हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंड आले, सुट्टीतली योजना वाढली, कूपन ४.२५ पौंड झालं. राहिली पहिली मागणी. ती लोंबकळत राहिली. जून २०२५ मध्ये तिथल्या नव्या सरकारनं जाहीर केलं, की सप्टेंबर २०२६ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे सरकारी साहाय्य घेणाऱ्या घरातल्या सगळ्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळेल. याचं श्रेय एकट्या रॅशफोर्डला द्यायचं कारण नाही, बऱ्याच संस्था त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत होत्या. पण आपला लेख या घोषणेनंतर छापून आलाय आणि त्यात तिचा उल्लेख नाही. व्हिलाकडं किती सामने खेळला ते मात्र आहे.

एक प्रसंग सांगायचा मोह आवरत नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिकडं शाळा परत बंद झाल्या आणि काही ठिकाणी कूपनाऐवजी अन्नाची पाकिटं घरी गेली. एका आईनं पाकिटातला सगळा माल जमिनीवर मांडून फोटो टाकला. पाव, बीन्सचा एक डबा, दोन बटाटे, दोन गाजरं, दोन केळी असलंच काहीबाही. याची किंमत म्हणे ३० पौंड, दहा दिवस पुरायचं. रॅशफोर्डनं तो फोटो उचलून धरला, पुरवठादार कंपनीशी बोलला, पंतप्रधानांशी बोलला. ठेकेदार, पाकीट आणि आतला माल यांचं नातं जगभर सारखंच असतं हे बघून मला हसूच आलं. आमच्याकडं तांदळाचं पोतं आलं की मी आधी काट्यावर चढवायची. पोत्यावर ५० किलो छापलेलं असतं, काटा आपलं वेगळंच सांगतो.

हा विषय माझ्या इतका जवळचा का, तेही सांगते. आपल्याकडं ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. आधी बऱ्याच ठिकाणी पोरांना कोरडं धान्यच मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, तेव्हा ते हक्काचं झालं. आणि वाचकांतल्या अनेकांना माहीत नसेल, सुट्टीतल्या जेवणाचा प्रश्न आपल्या न्यायालयानं इंग्लंडच्या कितीतरी आधी सोडवलाय. २००४ च्या आदेशात दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवा असं स्पष्ट म्हटलंय. कोरोनामुळं शाळा बंद झाल्यावर १८ मार्च २०२० ला न्यायालयानं आपणहून दखल घेतली, तेव्हा मॅंचेस्टरचं हे पोरगं नुकतं कुठं कामाला लागत होतं.

आम्ही तेव्हा तांदूळ आणि डाळ-कडधान्य मोजून वाटलं. तांदूळ पहिली ते पाचवी रोजी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५० ग्रॅम, गुणिले दिवस. शाळेच्या पटांगणात चुन्यानं गोल आखले आणि पालकांना वर्गवार बोलावलं. पिशवी धरून उभ्या असलेल्या आयांच्या रांगेत माझ्या जुन्या विद्यार्थिनी होत्या. तांदूळ नेणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कारण ती कुणाच्या दारात आलेली नव्हती. सही करायची, आपल्या लेकराचं घ्यायचं, जायचं. त्याच आठवड्यांत गावात पुढाऱ्यांची किटंही वाटली जात होती. किट घेताना फोटोसाठी थांबावं लागायचं. शाळेच्या रांगेत तसलं काही नव्हतं. रॅशफोर्ड कूपनाच्या मागं का लागला, निव्वळ देणग्या गोळा करत का बसला नाही, ते मला या दोन रांगांमुळं कळलं.

आता कोल्हापूरकडं येते. आमच्या तालमींची, म्हणजे इथल्या पेठांच्या फुटबॉल संघांची, पोरं सेवेत कुणाला हार जाणार नाहीत. २०१९ च्या महापुरात पाटाकडील काय, दिलबहार काय, बालगोपाल काय, हंगामात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या पेठांची पोरं खांद्याला खांदा लावून पाण्यात उतरलेली सगळ्यांनी बघितलीत. रक्तदान, रुग्णाला मदत, शाळेला वह्या, सगळं चालतं आणि मनापासून चालतं. पण मागणी करायची म्हटलं की आम्ही गप्प. अंतिम सामन्याला पालकमंत्री येतात, आमदार येतात, चषकाला कुणाच्या ना कुणाच्या वडिलांचं नाव असतं. कप्तान वाकून नमस्कार करतो, चषक घेतो, फोटो होतो. त्या व्यासपीठावर माणूस समोर उभा असताना कुणी काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. मागितलंच तर आपल्या तालमीच्या इमारतीला निधी.

मागण्यासारखं मात्र ढीगभर आहे. एकच सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळं. पोरांची त्या दिवशीची हजेरी बघण्यासारखी असायची, असं माझ्या मागून आलेल्या बाई सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला की अंड्याला आणि साखरेला वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीनं लोकसहभागातून द्यावं. म्हणजे हक्काचं होतं ते पुन्हा कुणाच्या तरी मेहरबानीवर गेलं. कागल ओलांडून निपाणीत गेलं की कर्नाटकातल्या सरकारी शाळेत २०२४ पासून आठवड्यातून सहा दिवस अंडं आहे. त्यातला मोठा वाटा एका फाउंडेशनच्या पैशाचा आहे हे खरं, पण सरकारनं ते योजनेत बसवून घेतलं, एकेका शाळेला झोळी घेऊन फिरायला लावलं नाही. सीमेच्या अलीकडं आणि पलीकडं पोरं तीच, ऊसही तोच.

शाहू स्टेडियमवर आमची जी पोरं खेळतात त्यातली बरीच याच खिचडीवर वाढलीत. मी नावं घेत नाही, पण काही जणांना मी माझ्या हातानं वाढलंय आणि दुसऱ्यांदा मागायला आलेल्यांना कधी नाही म्हटलं नाही. प्रथिनं म्हणजे काय हे फुटबॉल खेळणाऱ्या पोराला सांगावं लागत नाही. त्यातल्या एखाद्यानं बक्षीस घेताना, माइक हातात असताना, ‘साहेब, पोरांचं अंडं परत सुरू करा’ एवढं म्हटलं तर गॅलरी डोक्यावर घेईल. त्याला कुणी राजकारण म्हटलंच, तर म्हणू द्यावं. रॅशफोर्डलाही म्हटलं होतं. त्याच काळात राणीच्या सन्मान यादीत त्याचं नाव आलं, मँचेस्टर विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली, आणि शिव्याही चालूच होत्या.

२०२५ मध्ये तो बार्सिलोनाकडं गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर त्यानं दोन गोल केले, दुसरा तर वीसेक यार्डांवरून असा ठेवून दिला की नातवानं अख्खं घर जागं केलं. युनायटेडसाठी ४२६ सामन्यांत १३८ गोल ही त्याची नोंद आहे आणि ती कमी वाटत असेल तर जरूर टीका करा. खेळाडूला खेळावरून जोखायलाच पाहिजे.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर ‘लक्ष उडालं’ या वाक्याची दुरुस्ती छापावी, वर दिलेल्या तारखा वापरायला माझी काही हरकत नाही. आणि आपले क्रीडा प्रतिनिधी हंगामाच्या तोंडावर तालमींच्या कप्तानांच्या मुलाखती घेतात, त्यात यंदा डावपेचांच्या प्रश्नांबरोबर अंड्याचाही प्रश्न विचारावा. उत्तरं नावासकट छापावीत.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
शिवाजी पेठ, कोल्हापूर